कासवांच्या गावी वऱ्हाडी पाहुणा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे आमचं गाव. संत सेवालाल महाराजांचं हे समाधिस्थान, आणि बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. रामनवमीला इथं मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगण, आंध्र इथूनही लोक येतात. २०२४ साली इथं नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, त्यामुळे आता इतर लोकांनाही आमच्या गावाचं नाव ठाऊक झालं आहे. समुद्राशी मात्र गावाचा काही संबंध नाही. आमच्याकडे कापूस, तूर, सोयाबीन. पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर धरणाचं. अशा गावातला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा दिवस रत्नागिरी जिल्ह्यात जातो आणि समुद्राच्या काठावर कासवांची अंडी राखतो, हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कशापायी?"

आज त्या 'कशापायी'चं उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, समुद्राशी आमचा संबंध नाही हे अगदी खरं नाही. आमच्या समाजाला लमाण म्हणतात. हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ यावरून आला, असं जाणकार सांगतात. रेल्वे येण्याआधी देशावर, वऱ्हाडात, तेलंगणात मीठ पोचत होतं ते बैलांच्या पाठीवरून. शेकडो, कधी हजारो बैलांचे तांडे समुद्रकाठचं मीठ घेऊन आत यायचे आणि आतलं धान्य घेऊन परत जायचे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मिठावर सरकारी पकड बसली आणि हा धंदा मोडला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच बंजाऱ्यांच्याही वाट्याला आला. तेव्हापासून समुद्राची वाट आम्ही विसरलो. माझी याडी आयुष्यभर रोज मीठ वापरत होती, पण समुद्र तिनं कधी पाहिला नाही. मी स्वतः तो पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा साठी जवळ आली होती.

आता वेळासविषयी. मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ हे छोटं गाव आहे. पेशवाईतले नाना फडणवीस मूळचे इथले. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या छपरांची कौलारू घरं आणि गावापासून थोडं चालत गेलं की सुरूच्या झाडांमागे लांबच लांब वाळूचा किनारा. आमच्याकडून तिथं जायचं म्हणजे एसटीनं पुणे, तिथून महाड, मंडणगड आणि मग वेळास. सारा मिळून सातशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास.

या गावाची गोष्ट २००२ साली सुरू झाली. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांची पाहणी करत होती. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी त्या कामासाठी वेळासला आले असता त्यांना किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर कळलं की हिवाळ्यात इथं माद्या अंडी घालायला येतात आणि ती अंडी माणसं काढून नेतात. उरली तर कुत्री, कोल्हे, रानडुकरं खातात. संस्थेनं त्याच हंगामापासून गावातल्या लोकांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे 'कासव महोत्सव' सुरू झाला. नंतर वनखातं, त्याचा कांदळवन कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र यांनी हे काम उचललं. आज ते रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या अनेक किनाऱ्यांवर चालतं. अंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर ही त्यातली काही नावं.

हे कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट-करडी म्हणून हे नाव. पूर्ण वाढलेली मादी दोन-सव्वादोन फूट लांब आणि पस्तीस-चाळीस किलो वजनाची. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथं या माद्या लाखोंच्या संख्येनं एकदमच येतात. आपल्याकडे त्या एकेकट्या येतात, रात्रीच्या अंधारात. मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून वर अंगानं दाबते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पुढे त्या अंड्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. पिल्लांना आई ठाऊक नसते आणि आईला पिल्लं.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. त्यातली फारच थोडी मोठी होतात. हजारात एखादं, असा ढोबळ अंदाज सांगतात. जी जगतात त्यातल्या माद्या दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, आणि पुष्कळदा आपण जिथं जन्मलो त्याच भागात येतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण त्यांना लक्षात राहते, असं शास्त्रज्ञ मानतात.

स्वयंसेवक म्हणून तिथं काय करायचं असतं, ते सांगतो. पुष्कळांना वाटतं की हे मोठं साहसाचं काम असावं. तसं काही नाही. पहाटे साडेचार-पाचला उठायचं आणि कासवमित्राबरोबर किनारा चालायचा. हातातली बॅटरी शक्य तितकी कमी वापरायची, कारण उजेड दिसला की वर येणारी मादी मागे फिरते. डोळे वाळूवर ठेवायचे. मादी वर आली असेल तर ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखा पट्टा दिसतो. तो जिथं संपतो तिथं वाळू उसकटलेली असते. मुरलेला कासवमित्र काठीनं हळूच दाबून पाहतो. वाळू भुसभुशीत लागली की तिथं घरटं. मग हातानं वाळू काढायची.

अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी आणि मऊ सालीची असतात. खरं तर ती आहेत तिथंच राहू देणं सर्वांत चांगलं. पण जिथं भरतीचं पाणी चढतं किंवा कुत्र्यांचा नि माणसांचा त्रास आहे, तिथून ती हलवावी लागतात. तीही घातल्यापासून काही तासांच्या आत. त्यानंतर आतला गर्भ सालीला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून अंडं उचलायचं ते गोल न फिरवता, जसं होतं तसंच. कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, वर अरुंद आणि खाली रुंद, सुरईसारखा खड्डा करायचा, अंडी मोजून ठेवायची, मूळ घरट्यातली ओली वाळू वर घालायची आणि पाटीवर तारीख व आकडा लिहायचा. मी चौतीस वर्षं शाळेचं हजेरीपत्रक भरलं. त्यामुळे हे शेवटचं काम माझ्याकडे आपसूकच आलं.

नंतरचे दिवस वाट पाहण्याचे असतात. जाळीचं कुंपण तपासायचं. खेकड्यांची बिळं बुजवायची. किनाऱ्यावर वाहून आलेले जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, चपला गोळा करायच्या. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. पिल्लं वर आली असली तर ती मोजून पाण्यापासून थोडी लांब वाळूवर सोडायची. थेट पाण्यात सोडायची नाहीत. ते अंतर त्यांनी स्वतः चालून जायला हवं. किनाऱ्याची ओळख त्यांना याच वेळी होत असावी, असं मानलं जातं.

पाहुणे दोरीमागे उभे असतात. त्यांना आवरणं हेही आमचंच काम. "हात लावू नका", "फ्लॅश मारू नका", "पुढे येऊ नका" हे मी वर्गात बोलायचो त्याच आवाजात बोलतो आणि लोक ऐकतात. पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं. निसर्गात रात्री सर्वांत उजळ असतो तो समुद्राकडचा क्षितिजाचा भाग. मागे हॉटेलचा दिवा लागला, की ते उलट्या दिशेनं चालू लागतं आणि सकाळी उन्हानं मरतं.

आणखी एक नवल सांगतो. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण तीस अंशांच्या आसपास दोन्ही होतात. त्याहून थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. फारच तापली तर अंडी वाया जातात. म्हणून कडक उन्हाळ्यात घरट्यांवर हिरवी जाळी बांधून सावली करावी लागते. आमच्याकडे रोपवाटिकेला बांधतात तीच जाळी. हवामान बदल हा शब्द मी वर्तमानपत्रात पुष्कळ वेळा वाचला होता. तो टोपलीभर अंड्यांवर कसा काम करतो, हे तिथं कळलं.

पण श्रोतेहो, मला वेळासला पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं ते केवळ कासवांमुळे नाही. तिथल्या माणसांमुळेही आहे. कासवाची अंडी काढणं हा कोकणातल्या काही लोकांचा जुना उद्योग होता. कोणी खायचे, कोणी बाजारात विकायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं समुद्री कासवांना सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण दिलं आहे, पण कायदा पुस्तकात असतो आणि किनारा गावात. संस्थेच्या लोकांनी पोलीस बोलावले नाहीत. ज्यांना घरटं अचूक ओळखता येत होतं, त्यांनाच राखणदार केलं. अंडी शोधण्यात त्यांच्याइतका तरबेज दुसरा कोण असणार? असाच एक म्हातारा मला म्हणाला, "गुरुजी, आधी काढून न्यायचो, आता काढून ठेवतो. हात तोच आहे हो." त्यात ना लाज होती ना फुशारकी.

त्याबरोबर गावाला उत्पन्नही मिळालं. महोत्सवाच्या दिवसांत पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात. पडवीत झोपतात, उकडीचे मोदक, कुळथाचं पिठलं, सोलकढी जेवतात आणि त्याचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात. किनारा अंधारा राहिला, कासवं आली, तर पाहुणे येणार. हा हिशोब गावातल्या लहान पोरालाही समजतो. मच्छीमारांच्या बाबतीतही असाच विचार झाला आहे. कासव हवेत श्वास घेतं. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर गुदमरून मरतं. ते सोडवायचं म्हणजे महागाचं जाळं कापायचं. कोणता गरीब माणूस कापेल? महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून अशी योजना आहे, की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

आता मी आमच्या गावाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथंच आहे.

एका फेब्रुवारीत मी पिशवी भरून एसटीची वाट पाहत उभा होतो. गावातला एक शेतकरी, माझाच जुना विद्यार्थी, सायकल थांबवून म्हणाला, "गुरुजी, इथं रोह्यानं माही सारी तूर खाल्ली. रातभर मी शेतात जागतो. अन् तुम्ही समुद्रावर कासवं राखाले चालले?" त्याच्या डोळ्यांत जागरण दिसत होतं. मी त्याला त्या वेळी काही उत्तर दिलं नाही. एसटी आली आणि मी गेलो. पण ते पंधरा दिवस त्याचा प्रश्न माझ्याबरोबर होता.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळवीट अभयारण्य आहे. २००० साली ते जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम अठरा चौरस किलोमीटर. गवताळ माळ, काळवीट, रोही, मोर, लांडगे. देखणी जागा आहे. पण रोह्याला आणि रानडुकराला अभयारण्याची हद्द कळत नाही. अभयारण्य नसलेल्या गावांतही तूर, सोयाबीन, हरभरा यांची नासाडी होते. शेतकरी थंडीत मचाणावर बसून डबे वाजवतो. सरकारी नुकसानभरपाई आहे. पण तिच्यासाठी अर्ज, पंचनामा, कागद, फेऱ्या असं सगळं करावं लागतं आणि हाती येणारी रक्कम गेलेल्या पिकाच्या मानानं थोडी असते. ज्या विदर्भात कर्जापायी माणसं जीव देतात, तिथं कोणी प्राण्यांच्या प्रेमाची गोष्ट काढली, तर ऐकणाऱ्याला राग येणारच.

मला असं वाटतं, की वेळास आणि आमच्यातला फरक लोकांच्या मनाचा नाही. कोकणातला माणूस आमच्यापेक्षा अधिक दयाळू आहे, असं मला तरी दिसलं नाही. फरक दोन गोष्टींचा आहे. एक, कासव कोणाचं पीक खात नाही. आमच्या रोह्याचं तसं नाही, म्हणून आमचं काम मुळातच जास्त अवघड आहे. दुसरं, वेळासला कासव जगलं तर गावाला काही मिळतं. आमच्याकडे काळवीट जगलं तर गावाच्या वाट्याला फक्त नुकसान येतं. प्राणी सगळ्या देशाचा आणि तोटा एकट्या शेतकऱ्याचा, ही वाटणी जोवर बदलत नाही, तोवर माझ्यासारख्यांनी कितीही भाषणं केली तरी उपयोग नाही.

परत आल्यावर मी त्या विद्यार्थ्याकडे गेलो. उपदेश करायला नाही. त्याच्या भरपाईचा अर्ज लिहून द्यायला. वेळासच्या वहीत तारीख, वेळ, आकडा लिहायची सवय होती, तीच इथं कामाला आली. कोणत्या रात्री किती जनावरं आली, कोणत्या बाजूनं आली, किती ओळी खाल्ल्या, हे आम्ही रोजच्या रोज वहीत लिहू लागलो आणि मोबाइलवर फोटो काढू लागलो. त्या वर्षी त्याच्या अर्जावर पंचनामा वेळेत झाला. पैसे थोडेच मिळाले, पण मिळाले. आता तांड्यातली पाच-सहा पोरं दुसऱ्यांचे अर्जही भरून देतात. मी याला वन्यजीवांचंच काम समजतो. ज्या शेतकऱ्याला भरपाई मिळेल, तो कुंपणात वीज सोडायचा विचार दोनदा करेल. त्या विजेनं रोही मरतो, आणि कित्येकदा माणूसही मरतो.

याच पोरांतली दोघं बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेला जाऊन आली. वनखातं दर उन्हाळ्यात अनेक ठिकाणी मचाणावर बसून ही गणना करतं आणि त्यात स्वयंसेवकांना घेतं. रात्रभर गप्प बसायचं आणि पाण्यावर काय आलं ते लिहायचं, एवढंच काम. एकजण परत येऊन म्हणाला, "गुरुजी, रोही एवढा देखणा असते हे मले मालूमच नव्हतं. मी त्याले नेहमी पळतानाच पायलं." एवढ्यानं त्याच्या शेताचं नुकसान थांबणार नाही. पण ज्या जनावराशी आपलं भांडण आहे, ते एकदा शांतपणे पाहिलेलं असावं, असं मला वाटतं.

स्वयंसेवकाविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. अलीकडे सुट्टीत दोन दिवस जायचं, पिल्लांचे फोटो काढायचे आणि आपण निसर्ग वाचवला असं म्हणायचं, ही रीत वाढते आहे. पाहुण्यांनी जरूर जावं. त्यांच्या पैशावर गावाचं चालतं. पण पाहुणा वेगळा आणि स्वयंसेवक वेगळा. स्वयंसेवकानं पिल्लं न दिसणाऱ्या दिवसांतही तिथं असावं लागतं. आणि तो नसला तरी काम अडू नये, अशी व्यवस्था त्यानं मनापासून स्वीकारावी लागते. बारा महिने किनारा राखतात ते गावातले कासवमित्र. आम्ही पंधरा दिवसांचे हातभार लावणारे. आमच्यामुळे त्यांना थोडी झोप मिळते, एवढंच आमचं मोल आहे आणि ते पुरेसं आहे.

ही राखलेली कासवं पुढे कुठं जातात, हेही आता थोडं थोडं कळू लागलं आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री' आणि 'गुहा' या दोघींना असंच यंत्र बसवलं. बागेश्री कोकणातून निघाली ती केरळ, कन्याकुमारी करत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. २०२५ मध्ये तर उलटं घडलं. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली धातूची पट्टी लावलेली एक मादी गुहागरला येऊन अंडी घालून गेली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, असा जो समज होता, त्याला तिनं धक्का दिला. तिच्या पट्टीवरचा आकडा एका कार्यकर्त्यानं अंधारात वाचला आणि लिहून ठेवला, म्हणून हे कळलं.

सेवालाल महाराजांच्या नावानं एक भाकीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की पुढे माणसाला पाणीही विकत घ्यावं लागेल. ते सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना लहानपणी आम्ही हसायचो. आता यात्रेत जागोजागी पाण्याच्या बाटल्या विकल्या जातात आणि रिकाम्या बाटल्या नाल्यात जातात. नाल्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. आमच्याकडचं पाणी पैनगंगेतून गोदावरीला मिळतं आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे जिथं बागेश्री पोहत गेली, त्याच पाण्यात. समुद्राशी आमचा संबंध नाही, असं आता कसं म्हणायचं?

वेळासला पहिल्या हंगामात सोडलेली पिल्लं जगली असतील तर आता वीस वर्षांच्या पुढे असतील. त्यातल्या काही माद्या परत आल्याही असतील. त्या पिल्लांना कोणी खूण केली नव्हती, त्यामुळे ओळखायचा काही उपाय नाही. पण सकाळी वाळूवर पट्टा दिसला की कासवमित्र म्हणतात, "आली हो, आपलीच आहे." आणि काठी घेऊन पुढे चालू लागतात.

तुमच्या जिल्ह्यातही असं एखादं ठिकाण असेल. समुद्रच हवा असं नाही. माळ, तळं, देवराई, काहीही चालेल. तिथं जे राखण करतात त्यांना जाऊन विचारा, की तुम्हाला कशात मदत हवी आहे. ते जे सांगतील ते करा. बहुधा ते वही लिहायला सांगतील.